बसावयास बाक मिळाला. बोलावयास केव्हा मिळणार?

(हरिहरेश्वर येथे शेतकरी, कोळी व कारागीर पालकांच्या सभेत केलेले भाषण)

सभेस अवकाश होता म्हणून आम्ही देवळामागील टेकडीवरून पायऱ्या उतरून प्रदक्षिणेच्या वाटेकडे गेलो. समुद्राने खडक कोरून कोरून जी वाट केली आहे ती पाहावी, एवढाच हेतू होता. परंतु खाली पोचतो तो भरतीचे पाणी वाटेवर आलेले. जवळच जाळे सांधीत बसलेले एक कोळीदादा म्हणाले, "मागे फिरा. वाट सर्वांची आहे, पण आता नाही. ओहोटीला या." आम्ही मागे फिरलो, आणि तेच बोल मनात घोळवीत या सभेस आलो.

आपल्या शाळेची वाटही आज सर्वांची आहे. 2009 साली कायदा झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून तो लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीस मोफत शिक्षण मिळाले पाहिजे, हा आता उपकार नव्हे, हक्क आहे. या किनाऱ्यावरील शाळांतून कुणब्याचे, आगऱ्याचे, कोळ्याचे, कुंभाराचे, बौद्धाचे, मुसलमानाचे, कातकऱ्याचे मूल एकाच छपराखाली बसते. हे पाहून आमचा ऊर भरून येतो. परंतु त्याच वर्गात एक भरती येते, ती मानापानाची. समुद्र भरतीच्या वेळी सर्वांचीच वाट अडवितो. वर्गातील ही भरती मात्र काही पोरांची वाट मोकळी ठेवते आणि काहींचीच नेमकी अडविते. आज आम्हांस बोलावयाचे आहे ते या भरतीविषयी.

वर्गात बसणे ही एक गोष्ट आणि वर्गात भाग घेणे ही दुसरी. पहिली आपल्या वाडवडिलांनी भांडून मिळविली. दुसरी अजून मिळावयाची आहे.

पहिली कशी मिळाली हे थोडक्यात सांगतो, कारण आपली पोरे ते विसरत चालली आहेत. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढली, पुढे महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. त्याच सुमारास सरकारी शाळांची दारे मात्र बंद होती. 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला, तो नाकारला गेला. त्यावर वर विलायतेपर्यंत लिखापढी झाली आणि 1858 साली मुंबई सरकारने जाहीर केले की, केवळ सरकारच्या खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींच्या रयतेस खुल्या राहतील. कागदावर दार उघडले. वर्गात काय झाले? पोरगा आत आला तर व्हरांड्यात बसला. सातारच्या शाळेत शिकणारा भीमराव आंबेडकर नावाचा बाळ घरून गोणपाट आणून त्यावर बसत असे, आणि तहान लागली तर शाळेचा शिपाई वरून पाणी ओतील तेव्हा पीत असे. शिपाई नसला तर तहान तशीच. ही गोष्ट 1900 सालच्या सुमारास, म्हणजे त्या जाहीरनाम्यानंतर चाळीस वर्षांनी.

कोल्हापुरास शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांस सर्वांबरोबर एकाच शाळेत बसविण्याचा हुकूम दिला. त्याच साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि 1924 साली सातारला असे वसतिगृह काढले की जेथे सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करीत व एका पंगतीस जेवीत. बाक असा एका दिवसात मिळालेला नाही. त्यापायी तीन पिढ्या झिजल्या.

आपले श्रीवर्धन पेशव्यांचे मूळ गाव, आणि हरिहरेश्वर त्यांचे कुलदैवत, ही कीर्ती आपण येणाऱ्याजाणाऱ्या यात्रेकरूस मोठ्या अभिमानाने सांगतो. परंतु या मुलखात नांगरधऱ्याच्या आणि वल्हे मारणाऱ्याच्या पोरांच्या हाती पाटी केव्हा आली, हे कोणी विचारीत नाही. 1948 पर्यंत हा भाग जंजिऱ्याच्या नबाबाच्या राज्यात होता. आपल्या आजोबांनी भातासाठी राब भाजले, होड्या हाकल्या, बागायतदारांच्या सुपारीच्या झाडांवर चढून शिंपुटे उतरविली. पण कागदावर अंगठाच उठविला. त्या अंगठ्याची आठवण ठेवून पुढचे ऐका.

येथून दक्षिणेस सावित्री नदी समुद्रास मिळते. हीच सावित्री महाबळेश्वरास उगम पावून महाडावरून वाहत येते. त्या महाडास काय घडले? 1923 साली रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांस मोकळे असावेत. 1924 साली महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे सर्वांस खुले केले. ठरावावर ठराव झाले. पण कोणाच्या घशात थेंब पडला काय? पडला नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चालत तळ्यावर गेले आणि ओंजळ भरून प्याले, तेव्हा त्या ठरावास अर्थ आला. त्यानंतरही सनातन्यांनी दंगल केली, कोर्टात फिर्याद केली, आणि 1937 साली मुंबईच्या हायकोर्टाने शेवटचा निकाल दिला तेव्हा ते प्रकरण मिटले.

तात्पर्य काय? तळे खुले करणे हा ठराव. पाणी पिणे हा हक्क बजावणे. शाळेत नाव घालणे हा ठराव. वर्गात उठून बोलणे, फळ्यापाशी जाणे, प्रश्न विचारणे, ही ती ओंजळ होय. आपल्या पोरांपैकी कितीजण ती ओंजळ भरतात, हे आपण कधी पाहिले आहे काय?

आम्ही पाहिले. एका शाळेत, तिचे नाव सांगण्याचे कारण नाही, आम्ही मागल्या भिंतीशी तासभर बसलो. गुरुजी भले होते, कोणास टाकून बोलत नव्हते. त्यांनी प्रश्न विचारला की पुढल्या ओळीतील तेच चार हात वर जात, आणि गुरुजी त्यांतीलच एकास उठवीत. एक दुकानदाराचा मुलगा, एक शिक्षिकेची मुलगी, दोन वाडीतल्या बऱ्या घरचे. मधल्या ओळीतली पोरे त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. शेवटी, दाराजवळ, एक कातकरी मुलगा होता. दिवाळीनंतर आईबापांबरोबर कोळशाच्या भट्टीवर गेलेला, पावसाच्या तोंडी परत आलेला. एका प्रश्नास त्याने हात वर केला, पण अर्धाच. आपल्याकडे कोणी पाहिले नाही असे दिसताच त्याने तो हात डोके खाजवावयास नेला. गुरुजींनी त्याला मारले नाही, हिणविले नाही. त्यांना तो दिसलाच नाही. पुढे गटागटाने काम करावयाचे ठरले, तेव्हा चित्राचा कागद हुशार पोरांनी ओढून घेतला, आणि त्या मुलास सांगितले, "तू पाणी आण." कोणी शिकविल्यावाचून त्या पोरांनी हे सांगितले! घरी जे पाहिले तेच वर्गात केले.

बाबासाहेबांच्या चरित्रात अशीच एक गोष्ट आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी त्यांना गणित सोडवावयास फळ्यापाशी बोलाविले. तेव्हा वर्गातील मुलांनी एकच गलका केला आणि फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून धावत जाऊन उचलले. शिक्षकाने हाक मारली होती, वर्गाने ती परतविली. आता डबे कोणी उचलीत नाही. पण डोळे फिरविणे, हसणे, कागद ओढून घेणे चालूच आहे, आणि त्याचा परिणाम तोच होतो.

कोणी म्हणेल, हुशार असेल तो बोलेल, मुका बसेल तो बसेल. त्यात जातीचा आणि मानाचा काय संबंध? या शंकेस उत्तर आहे, आणि ते मोजून काढलेले आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघी विदुषींनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीची मुले घेऊन एक प्रयोग केला. 321 मुले वरच्या मानलेल्या जातींची, 321 खालच्या मानलेल्या. त्यांना कागदावरील चक्रव्यूहातून वाट काढण्याची कोडी दिली. जात कोणी पुकारली नाही तेव्हा दोन्ही बाजूंची मुले सारखीच कोडी सोडवीत. मग दुसऱ्या वर्गांत प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव, गाव आणि जात सर्वांसमोर वाचून दाखविली. लागलीच खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची सोडविलेली कोडी स्पष्टपणे कमी झाली. डोकी तीच, कोडी तीच. फक्त जात पुकारली गेली होती! 2004 ते 2006 च्या सुमारास हे निष्कर्ष छापून आले.

आता सांगा, आपल्या शाळांतून शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या दिवशी काय पुकारतात? "शिष्यवृत्तीवाले उभे राहा." उभी राहतात ती पोरे, आणि सबंध वर्ग मान वळवून पाहतो. शिष्यवृत्ती हक्काची आहे, ती घेण्यात लाज नाही. परंतु चार पोरांस चव्हाट्यावर उभे करून मग त्यांनी गणितात मागे का पडावे, असे विचारणे हा कोठला न्याय? तो अर्ज आईबापांस बोलावून, बाजूस बसून भरता येत नाही काय?

दुसरा दाखला सातासमुद्रापलीकडचा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ कोहेन नावाच्या बाई होत्या. तेथील शाळांत गोऱ्यांची, काळ्यांची, मेक्सिकोतून आलेल्या मजुरांची मुले एकत्र शिकतात. कोहेनबाईंनी वर्षानुवर्षे त्या वर्गांत बसून पाहिले आणि 1986 साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यांना आढळले ते असे : गटात काम दिले की ज्यांना वर्ग हुशार किंवा मोठ्या घरचे मानतो ती पोरे अधिक बोलतात, जी अधिक बोलतात आणि हात घालतात तीच अधिक शिकतात, आणि जी अधिक शिकतात त्यांचा मान आणखी वाढतो. उलट, जो गप्प बसविला गेला तो कमी शिकतो, मग वर्ग म्हणतो, पाहा, याला येतच नाही. हा घाण्याचा बैल आहे, फिरून फिरून त्याच जागी येतो. खोताच्या व्याजासारखा हा हिशेब होय. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे वाढते, ज्याच्याकडे नाही त्याचे घर बुडते.

परंतु कोहेनबाई रडत बसल्या नाहीत. त्यांनी दोन उपाय सांगितले, आणि ते आपल्या गुरुजींस व बाईंस पैशावाचून करता येण्याजोगे आहेत.

पहिला उपाय असा की, काम देताना ते असे द्यावे की त्याला अनेक तऱ्हेची अक्कल लागेल, आणि आरंभीच सांगावे : या कामास लागणारे सर्व गुण तुमच्यापैकी एकाही जवळ नाहीत, पण प्रत्येकाजवळ त्यांतला एखादा आहे. येथलेच उदाहरण घ्या. मुलांस विचारा, येत्या आठवड्यात प्रदक्षिणेची वाट कोणत्या दिवशी किती वाजता मोकळी राहील? किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने येते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, आणि तेथून सुमारे सहा तासांनी ओहोटी. दुसऱ्या दिवशी तीच भरती पाऊण तासाहून थोडी उशिरा. हा हिशेब कोळ्याच्या पोरीस घरी ठाऊक असतो. पंचांग वाचावयास एक लागतो, गुणाकार करावयास दुसरा, कोणत्या खडकापर्यंत पाणी चढते ते सांगावयास तिसरा, नकाशा काढावयास चौथा, आणि खेकडे धरीत खडकाखडकांतून हिंडलेले कातकऱ्याचे पोर जे सांगेल ते कोणत्याही पुस्तकात मिळावयाचे नाही. अशा कामात "तू पाणी आण" असे कोणास म्हणता येईल काय?

दुसरा उपाय गुरुजींच्या डोळ्यांचा आहे. ज्या मुलास वर्ग मोजत नाही त्याच्यावर नजर ठेवावी. त्याने खरोखर काही चांगले केले की त्याच क्षणी, सर्वांसमोर, नेमके काय चांगले केले आणि त्याचा कामास काय उपयोग झाला ते सांगावे. "शाबास, छान" एवढ्याने भागत नाही. "याने खडकावरील शेवाळाची रेघ पाहून पाणी कोठवर येते ते सांगितले, या रेघेवाचून तुमचा नकाशा चुकला असता," असे म्हणावे. खोटी स्तुती करू नये, पोरे खोटे चटकन ओळखतात. पण खरे बोलावयास जीभ अडखळू नये. गुरुजींच्या एका वाक्याने त्या पोराचा अर्धा हात पुरा वर जातो.

बोलावयास मिळाले म्हणजे काय घडते, याचा दाखला आपल्याच घरात आहे. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे नावाच्या मांग समाजातील मुलीने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. 1855 साली तो ज्ञानोदयात छापला गेला. तेव्हा ती अवघी चौदा वर्षांची होती. आज पावणेदोनशे वर्षे होत आली, तरी लोक तो वाचतात. तिला केवळ बसविले असते तर आपणांस तिचे नावही कळले नसते. तिला बोलू दिले, म्हणून कळले.

आता कडू बोलतो. राग मानू नका. आम्हीही कुणब्याच्याच घरचे आहोत. आजवर आपण भटजीस दोष दिला, शेटजीस दिला, खोतास दिला, आणि तो दोष खरा होता. परंतु आज वर्गात कागद ओढून घेणारे पोर कोणाचे आहे? पुष्कळदा ते आपलेच आहे. "त्या वाडीतल्या पोराशेजारी बसू नको," हे कोण सांगते? आपणच. खिचडीच्या रांगेत कोणी पुढे, कोणी मागे. वर्ग झाडावयास मुली, घंटा वाजवावयास मुलगे. नळावर आधी कोण, मग कोण. ही रीत पोरांनी कोठून आणली? आपल्या ओट्यावरून. ज्या शिडीने आपण वर चढलो ती शिडी वर ओढून घ्यावयाची असेल, तर सत्यशोधकांचे नाव घेण्याचा आपणांस अधिकार नाही. दिव्याखाली अंधार ठेवून दुसऱ्याच्या घरातील काजळी मोजू नये.

आणि यात आपलाही तोटा आहे, तो ध्यानात घ्या. जे पोर वरच्यांसमोर मान खाली घालते आणि खालच्यांसमोर मान ताठ करते, ते पुढे कोठल्याही कचेरीत साहेबासमोर मुकेच उभे राहणार. आपल्या पोरास सर्वांबरोबर बरोबरीने बोलावयाची सवय हवी असेल तर ती त्याला याच वर्गात, त्या कातकरी मुलाबरोबर बोलूनच लागेल.

म्हणून आम्ही चार गोष्टी मागतो. चौघांनाही खर्च नाही.

एक. आज रात्री घरी गेल्यावर पोरास "किती मार्क पडले" असे विचारू नका. "आज वर्गात तू काय बोललास, आणि दुसऱ्या कोणाचे काय ऐकलेस?" असे विचारा. आठ दिवस उत्तर "काही नाही" असे आले, तर शाळेत जाऊन गुरुजींस नम्रपणे सांगा.

दोन. झाडणे, पाणी आणणे, घंटा वाजविणे, खिचडी वाढणे, वर्गाचे पुढारीपण, या सर्वांची आळीपाळीची यादी भिंतीवर लावावयास सांगा. मुलगा-मुलगी, ही वाडी ती वाडी, असा भेद तीत नको. बसण्याच्या जागाही दर पंधरवड्यास बदलाव्यात.

तीन. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याप्रमाणे चारांत तीन सभासद पालक हवेत, एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि दुर्बल घटकांतील पालक त्यांच्या प्रमाणात हवेत. तुमच्या समितीत कातकरी आई आहे काय? असली तर ती बोलते काय, की केवळ सही करते? नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, असे होऊ देऊ नका. मोठी माणसे जेथे एकमेकांस बोलू देत नाहीत तेथे पोरे काय शिकणार?

चार. भट्टीवरून परत आलेल्या मुलास पहिल्याच दिवशी "इतके दिवस कोठे होतास" असे दरडावू नये. त्याने वाटेत काय पाहिले ते वर्गास सांगावयास लावावे. पाठ मागाहून भरून निघेल. मोडलेले मन लवकर भरून येत नाही.

गुरुजींना व बाईंना आमचे हात जोडून सांगणे आहे. तुमच्यावर कागदांचे ओझे किती आहे ते आम्ही जाणतो. तरी रोज एकच करा : वर्ग सुटण्यापूर्वी मनाशी आठवा, आज कोणाचा आवाज आपण ऐकला नाही? उद्याचा पहिला प्रश्न त्याला विचारा, आणि उत्तर यावयास थोडा वेळ थांबा.

बंधुभगिनींनो, समुद्राच्या भरतीवर आपला इलाज नाही. ती तिथीच्या हिशेबाने येते आणि जाते. वर्गातील भरती माणसांनी आणलेली आहे, ती माणसांनाच ओसरविता येते. महाडास ओंजळ भरली गेली त्यास जवळजवळ शंभर वर्षे होत आली. त्याच सावित्रीच्या मुखाशी आपण बसलो आहोत. उद्या सकाळी अकरा वाजता शाळेची घंटा वाजेल, तेव्हा दाराजवळच्या त्या पोराचा हात पुरा वर जावा, आणि कोणीतरी तो पाहावा, एवढेच मागून आम्ही खाली बसतो.